समईसमोर सोपवलेल्या खाटा

मी संशयी माणूस आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. दूधवाला जरा जास्त हसला की मी दुधात बोट बुडवून बघतो. पाहुणा "सहज आलो होतो" म्हणाला की आधी त्याच्या पिशवीकडे बघतो. घरी याला खोड म्हणतात. कल्याणच्या इस्पितळात कंपाउंडर होतो तेव्हा मात्र आमच्या डॉक्टरसाहेबांनी याच खोडीला गुण ठरवलं आणि मला चक्क कामगिरीवर नेमलं. असा मान मला पुढे कधी मिळाला नाही.

इस्पितळ धर्मादाय होतं. बाजारातल्या एका शेठजींनी आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलेलं. एक लांबलचक दालन, मधोमध जाड कापडाचा पडदा. अलीकडे पुरुषांच्या खाटा, पलीकडे बायकांच्या. त्या काळी इस्पितळात यायला लोक घाबरत. घरी बघणारं कोणी नसेल तोच यायचा. रेल्वेचे हमाल, मिठागरांवरची माणसं, परगावचे मजूर. शेठजींची अट एकच होती. दाराजवळच्या कोनाड्यात आईची तसबीर होती, तिच्यापुढे रोज दिवेलागणीला समई लागलीच पाहिजे.

रोग्यांची उस्तवार दोन माणसांवर होती. दिवसा मामा. गोरेपान, गंध लावलेले, आवाज असा की पेज भरवताना सुद्धा कीर्तन चाललंय असं वाटावं. रात्री मावशी. ही कळव्याकडच्या मिठागरांच्या गावातली विधवा; अंगापिंडाने दणकट, बोलणं तोडून टाकल्यासारखं. गावात ती सुईण होती. बाळंतपणं नसतील तेव्हा इस्पितळात रात्र काढायची, असं करता करता इस्पितळच तिची नोकरी झालं.

संध्याकाळी मामांनी मावशीला खाटा सोपवायच्या, सकाळी मावशीने मामांना. कोणाला काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचंय, एवढंच सांगायचं. पण मामांचं "एवढंच" ऐकायला मी औषधांच्या खोलीची खिडकी मुद्दाम उघडी ठेवत असे. ऊन अंगणात असतानाच ते सुरू करायचे.

"ही पहिली खाट. हा आंबिवलीचा. याची थोरली बहीण टिटवाळ्याला दिलीय बरं का, पण तिच्या सासूचं आणि याचं नाही जमत. का नाही जमत, तर एक म्हैस. ती म्हैस मुळात कोणाची, हा प्रश्न आहे. काल याने स्वप्नात पांढरा बैल पाहिला. तर सांगायचं काय, दुपारपासून याला हुडहुडी भरतेय."

"मग ते पयलं सांगावं ना, मामा!" मावशी कावायची. "म्हशीला मी काय तापाचं कोयनेल देऊ?"

असं करत शेवटच्या खाटेशी येईतो अंधार पडायचा. मावशी मध्येच चार प्रश्न विचारायची, रोगी आपले दोन शब्द घालायचा, शेजारचा रोगी त्याला खोटं पाडायचा. मला विचाराल तर त्याहून चांगली करमणूक कल्याणात नव्हती.

मग नवे डॉक्टर आले. मुंबईला शिकलेले, तरुण, जाकिटाच्या खिशात घड्याळ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हा सोहळा उभ्या उभ्या ऐकला. मामा म्हशीपर्यंत आले तेव्हा त्यांनी घड्याळ काढलं, बैलापाशी मिटलं.

"मामा, मला रोग्याचा ताप सांगा. त्याच्या बहिणीचं सासर नको."

दुसऱ्या दिवशी नियम झाला. संध्याकाळी खाटा सोपवायच्या त्या समई लागताच, कोनाड्यापुढे उभं राहून. प्रत्येक खाटेचं एक वाक्य. ऐकणाऱ्याने मान हलवायची, प्रश्न विचारायचा नाही. समईचीच वेळ का, तर इस्पितळात घड्याळ नव्हतं. ते साहेबांच्या खिशात होतं, आणि साहेब घरी गेले की तेही घरी जायचं. समई मात्र एक दिवस चुकत नव्हती.

नियम झकास चालला. वात नीट पेटायच्या आत साऱ्या खाटा सोपवून व्हायच्या. मामा हात जोडून उभे, मावशी पदर घेऊन उभी.

"पहिली खाट, छान आहे. दुसरी, जेवला. तिसरी, हुशारी वाटतेय. पडद्यापलीकडे सगळ्या आनंदात."

मावशीने मान हलवली की साहेब समाधानाने टोपी घालायचे आणि जायचे. दुपारभर त्यांना गावातले खाजगी रोगी बघायचे असत. इस्पितळात ते सकाळी रोगी तपासत आणि संध्याकाळी हे सोपवणं ऐकत, तेवढंच.

पण थोड्याच दिवसांत साहेबांच्या कपाळाला आठी पडली. सकाळी मावशी खाटा सोपवायची ती अशी: "पयल्याला ताप चढलाय. दुसऱ्याने काय खाल्लं नाय, ओकला. तिसऱ्याच्या पायाला वास येतोय, पट्टी बदलली." रोज संध्याकाळी सारे छान, रोज सकाळी सारे बेहाल. साहेबांनी मला औषधांच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं, आणि हळू आवाजात विचारलं, "रात्री इथे काय चालतं?"

मला गुदगुल्या झाल्या. मीही हळू आवाजात म्हणालो, "संशय मलाही होताच." नव्हता. पण संधी सोडायची नसते.

"लक्ष ठेवा," साहेब म्हणाले. "ती झोपते की काय, दूध जातं कुठे, ब्रँडी जाते कुठे, सगळं बघा."

आणि मग साहेबांनी एक वाईट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या रोग्यांदेखत मावशीला विचारलं, "संध्याकाळी धडधाकट असलेली माणसं तुमच्या हातात आली की आजारी कशी पडतात?"

पडद्यापलीकडे कोणीतरी भांडं खाली ठेवलं ते स्पष्ट ऐकू आलं.

मावशी म्हणाली, "मी काय करतं त्यांना?"

"तेच मला कळायला हवं. सोमवारी शेठजी येतात. तोवर नाही कळलं तर सोमवारपासून तुम्ही येऊ नका."

ती जाताना मी मुद्दाम फाटकाशी उभा राहिलो. आरोपीचा चेहरा बघावा म्हणून. तिने मला पाहिलं आणि थांबली.

"तुमी बघा हां, कंपौंडर. काढायचं तर काढा. मीठ उचलून पण पोट भरल माझं. पण रोग्यांना मारणारी बाय म्हणून काढलं, तर कंची पोर मना बाळंतपणाला हात लावू देल? पलीकडं आमच्या कळव्याच्या दोघी पडल्यात. आजच्याला सगळं ऐकलंय त्यांनी."

हे ऐकून माझं मन द्रवलं का? छे. इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो.

कामगिरी सुरू झाली. मावशी रोज एक गाठोडं घेऊन यायची आणि ते कोणाला हात लावू द्यायची नाही. एका संध्याकाळी ती पाणी भरायला गेली तेवढ्यात मी गाठ सोडली. आत सुके बोंबील होते. माझ्या बोटांना तो वास चिकटला आणि घरी जाऊन मला अंघोळ करावी लागली. बायकोने कारण विचारलं, मी सरकारी गुपित म्हणालो. मग औषधाची ब्रँडी. बाटलीत दारू जिथवर होती तिथे मी बाहेरून काळा दोरा बांधला. सकाळी पाहतो तर दारू दोऱ्याशीच. याचा अर्थ दारू चोरीला जात नव्हती, असा साधा माणूस काढील. मी काढला की दारू पिऊन पाणी ओतलं जातंय. खात्री करायला थोडी चाखली. ब्राह्मणाच्या घशाखाली ती कशी उतरली ते मला माहीत, पण कामगिरी म्हणजे कामगिरी. दारू अस्सल होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री केली.

दूधही बरोबर, भांडीही बरोबर. सकाळी लवकर जाऊन खिडकीतून डोकावलो तर मावशी एका म्हाताऱ्याची पाठ शेकत बसलेली. काहीच सापडेना. मी फार निराश झालो.

तेव्हा मी दुसऱ्या टोकाने संशय घेतला. शनिवारी दुपारी मलम पोचवायला दालनात गेलो होतो. आंबिवलीकर दोन घोंगड्यांखाली थरथरत होता, श्वास घेताना घशात खरखर वाजत होती. मामा त्याच्या उशाशी बसून डोकं चेपत होते. त्यांचा चेहरा उतरलेला. आणि त्याच संध्याकाळी, औषधांच्या कपाटाआड उभं राहून मी ऐकलं:

"पहिली खाट, अगदी छान."

कपाटाआड मी आनंदाने स्वतःच्या मांडीवर थाप मारणार होतो. सापडला! मामा! गोड बोलून, हात जोडून, रोज खोटी साक्ष! कशासाठी? मावशीला घालवायला. मग तिच्या जागी स्वतःची कोणी विधवा बहीण आणून बसवायला. सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, बहिणीचा चेहरासुद्धा. मामांना बहीण आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

साहेब गेल्यावर मी मामांना समईपाशीच गाठलं.

"मामा, आंबिवलीकर छान आहे?"

त्यांनी दचकून समईकडे बघितलं. "अहो, आत्ता नको."

"आत्ता का नको?"

"तुम्हाला कळत कसं नाही? उद्या बोला. उद्या सकाळी काय ते विचारा." आणि उपरणं सावरत जवळजवळ पळाले.

पळाला म्हणजे गुन्हा कबूल! मी छाती काढून घरी निघालो. वाटेत मनातल्या मनात साहेबांपुढे करायचं भाषण जुळवत होतो, त्यात योग्य ठिकाणी थांबण्याच्या जागाही ठरवून टाकल्या.

घरी बायको देवापुढे दिवा लावत होती. आमच्याकडे तेव्हा माझी आत्या राहायची. तिला गुडघ्यांचा त्रास. रोजच्या सवयीने मी विचारलं, "आत्या कशी आहे?"

"छान आहेत हो," बायको म्हणाली आणि दिव्याला हात जोडले.

मी हातपाय धुतले, पाटावर बसलो. दोन घास झाले असतील. बायको वाढता वाढता म्हणाली, "आत्याबाई दुपारपासून उठल्या नाहीत. गुडघा हा एवढा सुजलाय. उद्या तेवढं मलम आणा."

हातातला घास हातात राहिला. "मघाशी विचारलं तेव्हा काय म्हणालीस?"

"मघाशी दिवा लागत होता ना!"

"मग?"

"मग काय मग? भरल्या तिन्हीसांजेला दिव्यापुढे उभं राहून घरातल्या माणसाचं वाईट बोलू? वास्तू ऐकत असते, तथास्तु म्हणून टाकते. तुमच्या आईने नाही शिकवलं तुम्हाला?"

शिकवलं होतं. लहानपणी संध्याकाळी "पोट दुखतंय" म्हणालो की तोंडावर हात यायचा. आजही दिवे लागताना मी कोणाच्या आजाराचं नाव काढत नाही. आपल्यात कोणीच काढत नाही. इतकं कोणीच काढत नाही, की कोणी काढत नाही हे लक्षातच येत नाही. आणि आमच्या मुंबईच्या साहेबांनी साऱ्या दिवसातून निवडून निवडून तीच घटका रोग्यांचे हाल सांगायला नेमली होती. पूर्वी मामा उन्हात सुरू करत तेव्हा म्हशीच्या पाठोपाठ ताप तरी यायचा. नियमाने म्हैस गेली आणि तापही गेला.

मी इतक्या मोठ्याने हसलो की आत्या आतून ओरडली, "काय झालं रे?"

"छान आहे, आत्या!" मी म्हणालो. बायकोने पळी माझ्यापुढे आपटली.

रविवारी सकाळी साहेब इस्पितळात येत नसत, म्हणून त्यांच्या घरी गेलो. सांगितलं. त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं.

"बाईने तुम्हाला काही दिलं काय?"

माझ्यावर संशय! मनातून मी खरोखर सुखावलो. वरून मात्र दुखावल्यासारखा चेहरा केला. "साहेब, सुके बोंबील मी खात नाही."

"हे काय नवीन?"

"काही नाही. तुम्ही एवढंच करा, मामांना आज दोनदा विचारा. एकदा उन्हात, एकदा समईपुढे."

साहेब तसे हट्टी, पण बघायला तयार झाले. दुपारी ते इस्पितळात आले. मामा अंगणात पट्ट्या वाळत घालत होते. साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आंबिवलीकर कसा आहे?"

"त्याचं काही खरं नाही, साहेब," मामा म्हणाले. "छाती भरलीय. काल दुपारपासून घास घेतला नाही. मला तर त्याची फार भीती वाटते."

साहेब आत जाऊन त्याची छाती ऐकून आले. छातीवर जवसाचं पोटीस बांधायला सांगितलं, औषध बदललं, आणि संध्याकाळपर्यंत थांबले. समई लागली. मावशी आली. मामांनी हात जोडले.

"पहिली खाट, छान आहे."

"मामा!" साहेबांचा आवाज चढला. "तुम्ही खोटं का बोलता?"

मामा पांढरे पडले, मग लाल झाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी आधी साहेबांचा हात धरला, त्यांना ओढत कोनाड्यापासून पार बाहेर ओट्यावर नेलं, आणि मग बोलले.

"मी खोटं बोलतो? साहेब, दिवसभर मी त्याच्या घशात चमच्याने पाणी घालतो, आणि दिव्यापुढे उभं राहून माझ्याच तोंडाने म्हणू, की हा जगत नाही? नोकरी घ्या माझी. ते मी म्हणणार नाही."

साहेबांनी घड्याळ काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवलं. वेळ बघायचं काही कारण नव्हतं.

मी मावशीला बाजूला घेतलं. "तुला कळत नव्हतं, मामा असं का बोलतात ते?"

"कळायचं काय त्यात?" ती म्हणाली. "दिव्याशी कोण वंगाळ बोलतं? मी आपली मान हलवायचं आणि जाऊन एकेक खाट बघायचं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"मना काय ठावं, त्यांना हे बी सांगावं लागतं!"

सोमवारी नियम बदलला. खाटा सोपवायच्या त्या अंगणात ऊन असताना, एकेका खाटेशी उभं राहून. वाईट आधी सांगायचं, विचारायचं ते तिथेच विचारायचं, आणि सगळं समई लागण्याआधी संपवायचं. म्हैस वगळायची. हे शेवटचं साहेबांनी मामांकडे बघून सांगितलं.

दुपार कलली तशी मावशी आली. साहेब फाटकापर्यंत सामोरे गेले. हेही नवीनच. म्हणाले, "तुम्ही राहायचं. शेठजींना मी कळवलंय, तुमच्याकडे काही दोष नाही."

मावशी पायरीवर बसली.

"चला आत. मामा खोळंबलेत."

"मी खाटा घेणार नाय."

"आता काय झालं?"

"शेठला तुमी सांगितलंत, बरं केलंत. पण मना विचारलंत ते शेठच्या समोर नव्हतं विचारलं. ह्यांच्या समोर विचारलं होतं." तिने दालनाकडे हात केला. "कळव्याच्या एकीला उद्या घरी न्यायला येतात. ती जाऊन काय सांगल गावात?"

साहेबांचे कान लाल झाले. मला वाटलं, ते चिडून आत जातील आणि बाईची नोकरी पुन्हा जाईल. ऊन अंगणातून सरकत विहिरीपर्यंत गेलं होतं. मामा दारात तेलाची बुधली घेऊन उभे. सोपवल्याशिवाय त्यांना घरी जाता येईना, आणि समईची वेळ झाली तर सोपवता येईना. ते आळीपाळीने सूर्याकडे, साहेबांकडे, मावशीकडे बघत होते. मी मात्र कोणावरच पैज लावली नसती.

साहेब आत गेले. मावशी उठली नाही, पण मान वळवली. दालनाच्या मधोमध, पडद्यापाशी उभे राहून त्यांनी घसा साफ केला.

"रोग्यांची तब्येत बिघडत होती त्यात या बाईचा दोष नव्हता. सोपवण्याची वेळ मी चुकीची नेमली होती."

पहिल्या खाटेवरून आंबिवलीकराने घोंगडीतून डोकं काढलं. मावशी पायरीवरूनच म्हणाली, "पलीकडं ऐकू नाय गेलं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्यांनी पडदा हाताने बाजूला केला आणि तेच पुन्हा म्हटलं, चांगलं मोठ्याने.

पलीकडून एक बारीक आवाज आला, "ऐकलं गो, मावशे!"

तेव्हा ती उठली, पदर खोचला आणि आत गेली. मामांनी बुधली खाली ठेवली आणि घाईघाईने पहिल्या खाटेशी जाऊन, ऊन आहे ना याची खिडकीतून खात्री करून, एका दमात सांगून टाकलं: छाती भरलेली, अन्न नाही, रात्री पोटीस दोनदा, ताप उतरला नाही तर साहेबांना निरोप.

आंबिवलीकर आजवर रोज संध्याकाळी छान होता. हे ऐकून तो कोपरावर उठला आणि संशयाने आम्हा सगळ्यांकडे बघायला लागला.

"म्हणजे? मी मरतोय का काय?"

मामांनी तोंड फिरवलं. साहेब काही बोलणार तोच मावशीने त्याला खांद्याला धरून खाली झोपवलं आणि घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली.

"ते माझं मी बघतं," ती म्हणाली. "मी हाय इथं रातभर. तू गप पड."